'युनियनने गिरण्या बुडवल्या' म्हणणाऱ्यांनी न वाचलेला कायदा

#थ्रेड #गिरणगाव #कामगारइतिहास

१/
लालबाग-परळच्या उड्डाणपुलावरून जाताना दोन्ही अंगांना काचेचे मनोरे दिसतात आणि त्यांच्या सावलीत एखादे जुने धुराडे. त्या धुराड्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की खाली एक वाक्य हमखास उमटते : 'युनियनबाजीने गिरण्या बुडवल्या.' त्यामागोमाग दुसरे येते : 'म्हणूनच सेझमध्ये युनियन नको.'
पहिले वाक्य हा अर्धाच इतिहास आहे. दुसरे वाक्य त्या अर्ध्या इतिहासावर रचलेले धोरण आहे. या दोन वाक्यांच्या मधोमध १९४६ चा एक कायदा उभा आहे आणि त्याचे नाव दोन्ही वाक्ये उच्चारणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

२/
मांडणी आरंभीच स्पष्ट केलेली बरी. गिरणगावात संघटनास्वातंत्र्य अति झाले म्हणून विनाश ओढवला, हा समज उलटा आहे. १९८२ च्या संपाच्या वेळी मुंबईच्या गिरणी कामगाराला संघटनेचा सभासद होण्याची मुभा होती. मात्र आपल्या वतीने कोण बोलणार हे ठरवण्याची वाट त्याच्यासाठी जवळजवळ बंद होती. ती वाट कायद्याने बंद केली होती. सेझच्या नियमावलीने त्याच कुलपाची नवी किल्ली घडवली. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

३/
१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काही दशकांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात धुराड्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर येथून माणसे आली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. आठवड्याची सुटी नव्हती. नोकरी मुकादमाच्या मर्जीवर आणि त्याच्या दस्तुरीवर टिके.

४/
या माणसांच्या वतीने पहिला संघटित शब्द उच्चारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतून घडलेले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडला. मागण्या काय होत्या? रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई. आज ज्या गोष्टी आपोआप मिळाल्यासारख्या वाटतात, त्या मागाव्या लागल्या होत्या.

५/
२४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषण केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली.
रविवारी अंथरुणात लोळत 'युनियनने काय दिले?' असे विचारणाऱ्याला याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

६/
गिरणीच्या फाटकाआत संघटना उभी राहत नसे. तेथे मुकादम आणि मालकाची माणसे असत. ती उभी राहिली चाळीत, खाणावळीत, तालमीत, भजनी मंडळात, गणपतीच्या मांडवात. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी एकाच गावचे असत आणि बहुधा एकाच गिरणीतलेही. फाटकाबाहेरची सभा संपली की तीच चर्चा खाणावळीच्या पंगतीत चाले. संपाच्या दिवसांत वाणी उधार देई, खाणावळवाली बाई ताट थांबवत नसे. कामाची जागा आणि राहण्याची जागा हाकेच्या अंतरावर होती, ही गिरणगावची खरी ताकद. सेझकडे वळताना हा मुद्दा पुन्हा लागेल.

७/
जुलै १९०८. राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. गोळीबार झाला, माणसे मेली. या संपाची दखल युरोपात बसलेल्या लेनिन यांनीही घेतली. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग टिळकांच्या चरित्रातला एक परिच्छेद म्हणून येतो. तो कामगारांच्या चरित्रातलाही आहे : या शहरातील कष्टकरी केवळ मजुरीसाठीच नव्हे, राजकीय मतासाठीही काम थांबवू शकतात, हे तेव्हा सरकारला उमगले.

८/
१९२० मध्ये मुंबईतच ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली; अध्यक्ष लाला लजपत राय, आणि कार्यकर्त्यांत ना. म. जोशी. १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला. मालकांनी 'रॅशनलायझेशन'च्या नावाखाली एका माणसाकडे अधिक माग देण्यास आणि मजुरीचे दर कापण्यास प्रारंभ केला, तेव्हा १९२८ चा सार्वत्रिक संप पेटला. तो एप्रिल ते ऑक्टोबर, जवळपास सहा महिने चालला. त्याच काळात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, जन्मली. अर्जुन आळवे, श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर ही नावे घराघरांत गेली. वर्षअखेर युनियनचे सभासद ५०,००० च्या वर होते.

९/
इतिहासप्रेमींना ८ एप्रिल १९२९ ही तारीख पाठ असते : भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात बॉम्ब टाकला. त्या दिवशी सभागृहात काय चालले होते, हे मात्र थोड्यांनाच आठवते. ट्रेड डिस्प्यूट्स बिल, म्हणजे संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक, तेथे संमत होत होते. त्याआधी तीनच आठवडे, २० मार्चला, मीरत कटाच्या आरोपाखाली देशभरातील कामगार पुढाऱ्यांना अटक झाली होती आणि त्यांत मुंबईच्या संपाचे नेते होते. भगतसिंगांच्या प्रतिमेला हार घालून संपाला देशद्रोह म्हणणाऱ्यांनी ही तारीख पुन्हा एकदा वाचावी.

१०/
गिरणगावची संघटना निर्दोष होती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विणाई खात्यात पगार अधिक. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, या सबबीवर दलित कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. सवर्ण कामगारांनी हा विटाळ पाळला आणि लाल बावट्याने तो मोडून काढण्यासाठी पुरेसे केले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ही टीका रास्त होती. स्त्री कामगारांची संख्या दशकामागून दशक घटत गेली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या लढणाऱ्या स्त्रिया असूनही ती गळती थांबली नाही. ज्या संघटनेने आपल्यातल्या काहींना दाराबाहेर ठेवले, तिने आपली ताकद स्वतःच उणावली.

११/
म्हणूनच १९३८ चा प्रसंग विशेष मोलाचा आहे. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाआधी सक्तीचा समेट, लांबलचक प्रक्रिया, आणि ती न पाळता संप केल्यास तुरुंगवास. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, ज्यांचे एकमेकांशी तीव्र मतभेद होते, ते या विधेयकाविरुद्ध एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. परळच्या कामगार मैदानावर आंबेडकर, डांगे, परुळेकर, मिरजकर एकाच बाजूला होते.

१२/
विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. संप हा फार तर कराराचा भंग होय आणि कराराच्या भंगाला दिवाणी उपाय असतो. त्याला फौजदारी गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करण्यास भाग पाडणे. आणि इच्छेविरुद्ध करावी लागणारी सेवा म्हणजे गुलामी. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच दुसरा चेहरा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विधेयक बहुमताने संमत झाले. त्यातूनच पुढचा, अधिक पक्का कायदा उभा राहिला.

१३/
तो कायदा म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६. या थ्रेडचा गाभा येथे आहे. या कायद्याने एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक संघटना' ही संकल्पना रुजवली. सगळ्या मुंबईचा कापड उद्योग हे एक क्षेत्र. तेथील प्रातिनिधिक संघटना ठरली इंटकशी संलग्न राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वाटाघाटी तिने करायच्या, करार तिने करायचा, आणि तो करार तिच्या सभासद नसलेल्या कामगारालाही बांधील.

१४/
ही संघटना बदलायची तर? प्रतिस्पर्धी संघटनेने संपूर्ण शहराच्या त्या उद्योगातील २५ टक्के कामगार आपले सभासद आहेत हे निबंधकापुढे सिद्ध करायचे आणि विद्यमान संघटनेहून आपण मोठे आहोत हेही दाखवायचे. एका गिरणीतले सगळेच्या सगळे कामगार एका बाजूला गेले तरी उपयोग शून्य, कारण मोजणी शहराची. आणि मोजणी नोंदवह्यांची, पावत्यांची. गुप्त मतदानाची तरतूद नाही.
ज्या प्रजासत्ताकाने निरक्षर माणसालाही पंतप्रधान निवडण्याचा मताधिकार दिला, त्याच प्रजासत्ताकात परळच्या साचेवाल्याला आपला प्रतिनिधी मताने निवडता येत नव्हता.

१५/
अशा व्यवस्थेत काय होते, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. ज्याला कामगारांची मते मागायची नसतात, त्याला कामगारांचे ऐकण्याचीही निकड राहत नाही. ज्याच्यावर कामगारांचा विश्वास असतो, त्याला टेबलावर खुर्ची नसते. असंतोष आत साचत गेला. त्यात राजकारणाचा हिंसक रंग मिसळला : ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. लाल बावट्याचा पाया खचत गेला, अधिकृत संघटनेवर विश्वास बसला नाही, आणि कामगार एका नव्या माणसाच्या शोधात निघाला.

१६/
आता 'संपाने गिरण्या बुडवल्या' या वाक्याची तारखांशी गाठ घालून पाहू. आजारी गिरण्या चालवण्यासाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले १९६८ मध्ये. देशभरातील शंभराहून अधिक आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले १९७४ मध्ये. संप सुरू झाला १९८२ मध्ये. रोग्याचा ताप मोजून आठ वर्षे झाल्यावर आलेल्या माणसावर रोगाचा ठपका ठेवायचा, तर वैद्याने निदान नाडी कोणाची धरली होती ते सांगावे. अनेक मालकांनी यंत्रे जुनी ठेवली, नफा इतर उद्योगांत वळवला, आणि कापड भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांतून विणून घेण्याची सोय लावली. तेथे पगार कमी आणि कायदा लांब होता.

१७/
१९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसच्या करारावरून असंतोष फुटला आणि काही गिरण्यांचे कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून संप सर्वत्र पसरला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. त्यांच्या बरोबरीची मागणी होती १९४६ चा कायदा रद्द करण्याची. हा संप जितका भाकरीचा होता तितकाच प्रतिनिधी निवडण्याच्या हक्काचा होता. समाजमाध्यमांवरच्या सारांशांतून नेमकी हीच मागणी गळते.

१८/
सरकारची आणि मालकांची भूमिका कायद्याच्या भाषेत अगदी सोपी होती : मान्यताप्राप्त संघटना दुसरी आहे, सामंतांशी बोलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अडीच लाख माणसे रस्त्यावर, आणि कागदावर त्यांचा प्रतिनिधी तो, ज्याच्याविरुद्ध ती रस्त्यावर आली होती. संप बेकायदेशीर, म्हणून संपकऱ्याची नोकरी असुरक्षित. कामगार गावी परतले, भांडी विकली, दागिने मोडले. संप कधीही अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो झिजत गेला. १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९८४ मध्ये याच कामगारांच्या भागाने सामंतांना लोकसभेवर निवडून दिले. मतपेटी मिळाली तेव्हा कौल कोणाला होता, हे त्यातून दिसले.

१९/
सामंतांच्या चुका झाकण्याचे कारण नाही. सगळा उद्योग एकाच वेळी बेमुदत बंद ठेवताना माघारीची वाट आखलेली नव्हती. डबघाईला आलेल्या गिरणीच्या मालकाला बंद गिरणी चालू गिरणीपेक्षा फायद्याची ठरू शकते, हा धोका पुरेसा ओळखला गेला नाही. ही टीका न्याय्य आहे. पण ती डावपेचांवरची टीका आहे; संघटनेच्या हक्काविरुद्धचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. सेनापती चुकला म्हणून सैनिकाचा मताधिकार काढून घ्यायचा, हे तर्कशास्त्र इतर कोठेही कोणी मान्य करणार नाही.

२०/
गिरण्या गेल्या, जमीन राहिली : मुंबईच्या मध्यावर सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे पुनर्विकासात जमिनीचे तीन वाटे व्हायचे : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एकत्रित आराखडाही मांडला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी फिरवला. धुराड्यांच्या जागी मॉल आले. कामगारांच्या घरांसाठी शेलू-वांगणीची चर्चा सुरू आहे.

२१/
आता सेझ. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभे राहिले. पुढे तेथे हिरे आणि दागिन्यांचे कारखाने आले. त्याआधी १९६५ मध्ये कांडला येथे देशातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले होते. २००० च्या धोरणाने 'विशेष आर्थिक क्षेत्र' ही संज्ञा आणली, सीप्झही त्यात गेले, आणि २००५ मध्ये संसदेने सेझ कायदा संमत केला. म्हणजे परळचा भोंगा अजून वाजत होता तेव्हाच, त्याच शहरात, कुंपणाआडच्या कारखान्याचा प्रयोग चालू झाला होता.

२२/
एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे, आणि तो सेझच्या समर्थकांत व विरोधकांत सारखाच आढळतो : 'सेझमध्ये कामगार कायदे लागू नाहीत.' हे असत्य आहे. सेझ कायद्याचे कलम ४९ केंद्राला अनेक कायद्यांतून सूट देण्याचा अधिकार देते. पण त्याच कलमातील परंतुक सांगते की कामगार संघटना, औद्योगिक तंटे, कामाची स्थिती, भविष्यनिर्वाह निधी, भरपाई, निवृत्तिवेतन, प्रसूतीचे लाभ यांविषयीच्या कायद्यांना ही सूट लागू नाही. संसदेने दार उघडे ठेवले होते. सेझमधील कामगाराला संघटना करता येते. कोणी 'येथे युनियनला बंदी आहे' असे सांगत असेल, तर त्याला कलम ४९ दाखवावे.

२३/
दार उघडे ठेवून उंबरठा उंच करण्याचे काम नियमांनी केले. २००६ च्या सेझ नियमांतील नियम ५ राज्यांकडून दोन गोष्टींची अपेक्षा करतो : औद्योगिक तंटे कायद्याखालचे अधिकार विकास आयुक्ताकडे सोपवणे आणि सेझला 'लोकोपयोगी सेवा' घोषित करणे.
विकास आयुक्ताचे कायद्यातील कर्तव्य काय? क्षेत्राचा जलद विकास आणि निर्यातवाढ. ज्याच्यावर माल वेळेत बाहेर पाठवण्याची जबाबदारी, त्यानेच काम थांबवणाऱ्याची कैफियत ऐकायची. गावातल्या पाटलाकडेच पाटलाविरुद्ध फिर्याद नेण्यासारखे हे आहे.

२४/
लोकोपयोगी सेवा म्हणजे रेल्वे, टपाल, पाणी, वीज, सफाई : जे एक दिवस थांबले तर शहर कोलमडेल. म्हणून तेथे पूर्वसूचनेशिवाय संप करता येत नाही, नोटिशीनंतर १४ दिवस थांबावे लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना तर मुळीच नाही. या यादीत परदेशी ग्राहकासाठीची हिऱ्याची अंगठी बसवायची, हा लोकोपयोगाचा अर्थ लालबागच्या नळावर रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाही गृहिणीला पटण्यासारखा नाही. १९३८ च्या विधेयकातील सक्तीचा समेट येथे नव्या वेशात परत आला.

२५/
कायद्याहून मोठी भिंत भूगोलाची आहे. सेझमध्ये ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. संघटकाने आत जायचे कसे? बाहेर सभा घ्यावी, तर पाळी सुटताच कामगार बस, रिक्षा, लोकलने विखुरतात : एक नालासोपाऱ्याला, एक कल्याणला, एक मानखुर्दला. गिरणगावात चाळ हीच युनियनची शाखा होती. येथे चाळ नाही, सामायिक खाणावळ नाही, उधार देणारा वाणी नाही. अनेकांचा मालकही एक नाही. काम एका कंपनीचे, पगारपत्रक दुसऱ्या कंत्राटदाराचे. हा विखुरलेपणा दैवयोगाने आलेला नाही. कुंपण आणि कंत्राट या दोन गोष्टी कोणीतरी विचारपूर्वक निवडलेल्या आहेत.

२६/
जमिनीचा धागाही सुटत नाही. २००७ नंतरच्या नियमाप्रमाणे सेझच्या किमान अर्ध्या जागेवर उत्पादन-प्रक्रिया हवी. म्हणजे उरलेल्या जागेवर घरे, कार्यालये, बाजार यांना वाव. रायगडच्या शेतकऱ्यांनी हे बरोबर ताडले. महामुंबई सेझविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले. तो प्रकल्प उभा राहिला नाही. त्या गावांना कौल देण्याची संधी मिळाली. गिरणगावाला ती कधी मिळाली नव्हती, आणि सेझच्या आत काम करणाऱ्यालाही ती मिळालेली नाही.

२७/
यावर नेहमीचा आक्षेप : 'निर्यात वाढली पाहिजे, रोजगार आला पाहिजे, युनियन आली तर भांडवल पळून जाईल.' भांडवल पळते हे खरे. मुंबईतून भिवंडीला पळाले तेव्हा तेथे स्वस्त मजूर होता. उद्या त्याहून स्वस्त मजूर सापडला तर तेथून पुढे जाईल. मुका कामगार ही भांडवल थांबवण्याची हमी कधीच नव्हती. उलट, ज्याच्याशी करार करावा असा खरा प्रतिनिधी समोर असेल, तर भांडण करारात मिटते. तो नसेल, तर भांडण साचते आणि एक दिवस १८ जानेवारी १९८२ उजाडते. सेझच्या समर्थकांनी गिरणगावाकडून शिकायचे असेल तर हा धडा शिकावा.

२८/
आणि ज्यांना वाटते की हा प्रश्न सेझच्या कुंपणापुरता आहे, त्यांच्यासाठी शेवटची तारीख : २१ नोव्हेंबर २०२५. या दिवशी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. आता संपापूर्वीची १४ दिवसांची नोटीस लोकोपयोगी सेवेपुरती नाही, प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप. एकट्याने वाटाघाटी करणाऱ्या संघटनेसाठी ५१ टक्के सभासद हवेत, आणि ते कसे तपासायचे हे संहितेने नियमांवर सोडले आहे. परळमध्ये जो नियम होता आणि सेझमध्ये जो अपवाद होता, त्या दोहोंचे मिश्रण आता साऱ्या देशाचा कायदा आहे.

२९/
म्हणून मागणीही जुनीच आहे आणि ती एका ओळीत सांगता येते : प्रतिनिधी कोण, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरावे, सेझमध्ये, कारखान्यात, मॉलमध्ये, गोदामात, सर्वत्र, आणि तशी तरतूद मूळ कायद्यातच असावी. यात क्रांतिकारक काही नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे मिळते तेच. ज्यांना खात्री आहे की कामगारांना युनियन नकोच आहे, त्यांनी तरी मतपेटीला भिण्याचे कारण नाही.

३०/
गिरणगावात दोन रस्ते आहेत. जुन्या डिलाईल रोडचे नाव ना. म. जोशी मार्ग : १९२० मध्ये देशाची पहिली कामगार महासंघटना उभारणाऱ्यांपैकी एक. परळ-काळाचौकीकडून जाणारा गं. द. आंबेकर मार्ग : १९४६ च्या कायद्याने प्रातिनिधिक ठरलेल्या संघाचे नेते. दोघांनीही आयुष्य कामगारांसाठी वेचले आणि दोघांनाही शहराने रस्ता दिला. मात्र या दोघांपैकी, किंवा तिसऱ्या कोणापैकी, आपला माणूस कोण, हे त्या रस्त्यांवरून भोंग्याच्या वेळी धावणाऱ्या अडीच लाख माणसांना चिठ्ठी टाकून एकदाही विचारले गेले नाही.
थ्रेड समाप्त.